प्रश्नावलीतले मांजर

‘बाळंतपणाच्या वयातील स्त्रियांमध्ये टॉक्सोप्लाझ्माच्या संसर्गाचे प्रमाण आणि त्याचे जोखीम-घटक’ अशा धाटणीच्या मथळ्याचे शोधनिबंध वैद्यकीय नियतकालिकांतून सतत येत असतात. देश बदलतो, शहर बदलते. आराखडा मात्र तोच राहतो. काही शे स्त्रियांचे रक्त घ्यायचे, त्यात प्रतिपिंडे आहेत का ते पाहायचे, एक प्रश्नावली भरून घ्यायची आणि शेवटी एक कोष्टक छापायचे. मांजर पाळता का? मांस खाता का? पाणी कुठले पिता? घर कसले आहे? या कोष्टकातली मांजराची ओळ मग वर्तमानपत्रांच्या आरोग्य पुरवणीत पोचते आणि तिथून घराघरांत. घरातल्या सुनेला दिवस गेले की पहिली गदा येते ती मांजरावर.

या लेखात अशाच एका निबंधाची चिकित्सा करायची आहे. निबंध मुद्दाम चांगल्यापैकी निवडला आहे. वाईट निबंधावर टीका करणे सोपे असते, पण त्यातून शिकण्यासारखे फारसे हाती लागत नाही.

आधी परजीवीची थोडी ओळख. टॉक्सोप्लाझ्मा गोंडी हा एकपेशीय जीव. १९०८ साली ट्यूनिस येथे निकोल आणि मांसो यांना तो गुंडी नावाच्या एका कृंतक प्राण्यात सापडला आणि त्याच वर्षी ब्राझीलमध्ये स्प्लेंडोरे यांना सशात. माणसाच्या पोटात तो मुख्यतः दोन वाटांनी जातो. पहिली वाट मांसाची. बकरी, मेंढी, डुक्कर अशा प्राण्यांच्या स्नायूंमध्ये या परजीवीच्या सूक्ष्म पुटी असतात आणि मांस नीट शिजले नाही तर त्या जिवंत राहतात. दुसरी वाट मातीची. संसर्ग झालेल्या मांजराच्या विष्ठेतून अंडपुटी बाहेर पडतात आणि माती, पाणी, न धुतलेली भाजी यांच्यामार्फत आपल्यापर्यंत पोचतात. निरोगी माणसाला यातून बहुधा काहीच होत नाही. फार तर थोडा ताप येतो, मानेतल्या गाठी सुजतात. पण एखाद्या स्त्रीला गरोदरपणातच पहिल्यांदा संसर्ग झाला तर परजीवी वारेतून गर्भापर्यंत जाऊ शकतो आणि त्याच्या मेंदूला व डोळ्यांना इजा करू शकतो. ‘पहिल्यांदा’ हा शब्द लक्षात ठेवावा. पुढचा बराचसा लेख त्याच्याभोवतीच आहे.

आता निबंध. नवी दिल्लीच्या अखिल भारतीय आयुर्विज्ञान संस्थेतील सरमन सिंह आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी तो २०१४ साली ‘प्लॉस निग्लेक्टेड ट्रॉपिकल डिसीजेस’ या नियतकालिकात प्रसिद्ध केला. देशाच्या चारही विभागांतील १,४६४ स्त्रियांचे रक्त त्यांनी तपासले. त्यांपैकी २२.४ टक्के स्त्रियांमध्ये जुन्या संसर्गाची खूण असणारी आयजीजी प्रतिपिंडे आढळली. नव्या संसर्गाची खूण मानली जाणारी आयजीएम प्रतिपिंडे १.४३ टक्क्यांमध्ये आढळली. दक्षिण भारतात आयजीजीचे प्रमाण सर्वाधिक, म्हणजे ३७.३ टक्के होते; पूर्वेत २१.२, उत्तरेत १९.७ आणि पश्चिमेत अवघे ८.८ टक्के. मातीची घरे, गरिबी, कच्चे-अर्धे शिजलेले मांस आणि निकृष्ट पाणी यांच्याशी संसर्गाचा संबंध दिसतो असे लेखकांनी म्हटले आहे.

या कामाचे मोल कमी नाही. एकेका रुग्णालयातले सुटे सुटे आकडे आपल्याकडे पुष्कळ होते. एकाच अभ्यासात चारही विभाग शेजारी ठेवून पाहणे ही वेगळी गोष्ट. दक्षिण आणि पश्चिम यांच्यातील चौपट तफावत हा या निबंधाचा खरा शोध आहे. वाचकांच्या लक्षात मात्र जोखीम-घटकांची यादी राहते, आणि निबंध कच्चा आहे तो नेमका तिथेच.

आयजीजी प्रतिपिंडे एकदा तयार झाली की साधारणपणे जन्मभर रक्तात राहतात. समजा, तीस वर्षांच्या एका बाईच्या रक्तात ती सापडली. तिला संसर्ग गेल्या वर्षी झाला असेल, लग्नानंतर सासरी आल्यावर झाला असेल किंवा आठव्या वर्षी माहेरच्या अंगणात खेळताना झाला असेल. प्रश्नावली मात्र विचारते ती आजच्या सवयी. आज तिच्याकडे मांजर आहे का, आज ती गाळलेले पाणी पिते का. बावीस वर्षांपूर्वीच्या घटनेचे कारण आजच्या स्वयंपाकघरात शोधायचे, असा हा प्रकार आहे. कारण आधी आणि कार्य नंतर हा क्रम आपण सातवीच्या मुलांनाही सांगतो. एकाच दिवशी रक्त घेऊन त्याच दिवशी प्रश्न विचारणाऱ्या पाहणीत तो क्रम कळायला मार्गच नसतो.

मातीच्या घराचेही तसेच. ज्यांचे घर मातीचे त्यांचे नळाचे पाणीही बहुधा तसेच, अंगण उघडे, शेतीतले काम हाताने. या साऱ्या गोष्टी हातात हात घालून येतात. त्यांतली एक उचलून तिला ‘घटक’ म्हणायचे तर बाकीच्या समान ठेवून तुलना करावी लागते. शिवाय दक्षिणेतल्या आणि पश्चिमेतल्या बायकांच्या सवयींत चौपट फरक असेल हे पटत नाही. अंडपुटी ओलसर मातीत वर्षभराहून अधिक टिकतात आणि कोरड्या उन्हात लवकर मरतात. तेव्हा या तफावतीच्या मुळाशी कोणाच्या सवयींपेक्षा हवामान असण्याचा संभव मला अधिक वाटतो. (आणि ‘पश्चिम भारत’ ही तरी एक गोष्ट कुठे आहे? रत्नागिरीचा पाऊस आणि माणदेशचा पाऊस एका आकड्यात कोंबले की दोन्ही हरवतात.)

आता मांजराकडे वळू. इथे थोडा इतिहास पाहणे आवश्यक आहे, आणि त्या इतिहासातले एक महत्त्वाचे पान मुंबईचे आहे.

१९५०च्या दशकात शास्त्रज्ञांना मांसाची वाट सुचली होती, आणि पुढे ती खरीही ठरली. पॅरिसजवळच्या एका आरोग्यधामातील मुलांवरचे देमाँ यांचे १९६५ सालचे निरीक्षण प्रसिद्ध आहे. मुलांच्या आहारात जेमतेम शिजवलेले गोमांस किंवा घोड्याचे मांस आल्यावर नव्या संसर्गाचे वार्षिक प्रमाण १० टक्क्यांवरून ५० टक्क्यांवर गेले. जेमतेम शिजवलेले मेंढीचे मांस आल्यावर ते १०० टक्क्यांवर पोचले. पण त्याआधीच, १९५९ साली, रावल यांनी मुंबईतील शाकाहारी आणि मांसाहारी लोकांच्या रक्ताची तुलना प्रसिद्ध केली होती. दोन्ही गटांत प्रतिपिंडांचे प्रमाण सारखेच निघाले. ज्यांनी जन्मात मांस खाल्ले नाही त्यांना हा परजीवी भेटला कुठे? मांसाच्या सिद्धान्ताला हे उत्तर देता येईना. गवत खाणाऱ्या मेंढीला तो कसा भेटतो हाही तोच प्रश्न.

उत्तर मिळायला आणखी दहा वर्षे लागली. ग्लासगो येथे हचिसन यांना १९६५ साली मांजराच्या विष्ठेतून संसर्ग पसरतो असे दिसले. १९६९-७० मध्ये हचिसन, फ्रेंकेल, मूळचे भारतातील पशुवैद्यक जे. पी. दुबे आणि इतर काही संशोधकांनी या परजीवीचे लैंगिक पुनरुत्पादन मांजराच्या आतड्यात होते आणि अंडपुटी तिथेच तयार होतात हे सिद्ध केले. त्याच सुमारास वॉलेस यांनी पॅसिफिक महासागरातील तीन प्रवाळबेटांवरील लोकांचे रक्त तपासले. ज्या बेटावर मांजरे नव्हती तिथल्या लोकांत प्रतिपिंडे जवळजवळ आढळली नाहीत.

यावरून मांजराशिवाय टॉक्सोप्लाझ्माचे चक्र चालत नाही हे पक्के झाले. पण त्यातून आणखी एक वाक्य लोकांनी परस्पर काढले: जिच्या घरी मांजर आहे तिला धोका जास्त. ही दोन वाक्ये वेगळी आहेत. पहिले वाक्य बेटाबद्दल आहे, दुसरे घराबद्दल. धरणाशिवाय शहराच्या नळांना पाणी येणार नाही हे खरे. पण कोणाच्या नळाला किती पाणी येते हे त्याचे घर धरणापासून किती दूर यावरून ठरत नाही.

दुसरे वाक्य तपासून पाहिले तर ते फारसे टिकत नाही, आणि त्याची कारणे मांजराच्या जीवशास्त्रातच आहेत. मांजराला पहिल्यांदा संसर्ग झाला की ते एक ते तीन आठवडे अंडपुटी टाकते. त्या काळात त्यांची संख्या कोटींत जाऊ शकते. पुढे ते बहुधा कधीच टाकत नाही. ताज्या विष्ठेतील अंडपुटी संसर्गक्षम नसतात. तशा व्हायला त्यांना बाहेरच्या हवेत एक ते पाच दिवस लागतात. तोवर मांजर तिथून केव्हाच निघून गेलेले असते. म्हणजे मांजराला मांडीवर घेणे यात धोका जवळजवळ नाही. धोका आहे तो त्याने मागच्या आठवड्यात जिथे उकरून झाकले त्या जागेत. आपल्याकडची मांजरे खोक्यातल्या वाळूत बसत नाहीत. ती परसातल्या मेथीच्या वाफ्यात जातात, नाहीतर चालू बांधकामाच्या वाळूच्या ढिगावर, जिथे दुपारी मुले खेळतात. ते मांजर कोणाचे? बहुतेक वेळा कोणाचेच नाही. ‘मांजर पाळता का?’ या प्रश्नाला प्रामाणिकपणे ‘नाही’ म्हणणारी बाई त्याच वाफ्यातली मेथी निवडत असते.

ज्या अभ्यासांत जुना नव्हे, तर नुकताच झालेला संसर्ग पाहिला गेला त्यांचे निष्कर्ष म्हणूनच अधिक विश्वसनीय ठरतात. नॉर्वेत काप्पेरूड आणि सहकाऱ्यांनी १९९६ मध्ये नुकताच संसर्ग झालेल्या ६३ गर्भवतींची तुलना १२८ संसर्गमुक्त गर्भवतींशी केली. कच्चा खिमा, न धुतलेल्या भाज्या-फळे, अर्धे शिजलेले मांस, कच्चे मांस कापलेली सुरी वेळच्या वेळी न धुणे हे घटक पुढे आले. मांजराच्या विष्ठेचे खोके साफ करणे हाही एक होता, पण तो मांजर पाळण्याहून वेगळा प्रश्न आहे हे लक्षात घ्यावे. २००० साली युरोपातील सहा केंद्रांचा मोठा अभ्यास आला. त्यात २५२ नव्या संसर्गाच्या गर्भवती आणि ८५८ तुलनेसाठी होत्या. निरनिराळ्या केंद्रांत ३० ते ६३ टक्के संसर्गांचा दोष नीट न शिजलेल्या वा नुसत्या खारवलेल्या मांसाकडे गेला, ६ ते १७ टक्क्यांचा मातीकडे. मांजराशी संपर्क हा धोका ठरला नाही. आणि १४ ते ४९ टक्के संसर्गांचे कारण कोणत्याच प्रश्नातून उलगडले नाही.

या न उलगडलेल्या भागाने मला नेहमीच अधिक विचारात पाडले आहे. २०११ साली अमेरिकेतील बॉयर आणि सहकाऱ्यांनी एक वेगळी युक्ती वापरली. परजीवीच्या फक्त अंडपुटीतून येणाऱ्या अवस्थेत एक विशिष्ट प्रथिन असते. त्याविरुद्धची प्रतिपिंडे रक्तात सापडली तर संसर्ग मांसातून नव्हे, अंडपुटीतून आणि अलीकडेच आला असे म्हणता येते. जन्मजात संसर्ग झालेल्या मुलांच्या ७६ मातांपैकी ५९ जणींमध्ये, म्हणजे ७८ टक्क्यांमध्ये, ती सापडली. मात्र त्यांतल्या जेमतेम निम्म्या जणींनाच अंडपुटींशी संबंध आल्यासारखा काही प्रसंग आठवत होता. कॅनडात व्हिक्टोरिया शहरात १९९५ साली आणि आपल्याकडे कोइमतूरमध्ये २००४-०५ साली संसर्गाच्या ज्या साथी आल्या त्यांचा संशय शहराच्या पाणीपुरवठ्यावर गेला. कोइमतूरच्या साथीत डोळ्याला बाधा झालेल्या २४८ रुग्णांची नोंद आहे. नळाचे पाणी प्यायल्याचे कोण ‘जोखीम’ म्हणून आठवून सांगणार? प्रश्नावली सांगणाऱ्याला जेवढे ठाऊक असते तेवढेच सांगू शकते.

दिल्लीच्या निबंधातील आणखी एक आकडा शिक्षकांच्या उपयोगाचा आहे. भारतात दरवर्षी ५६,७३७ ते १,७६,८८२ मुले जन्मजात संसर्गाच्या संभाव्य धोक्यासह जन्मतात असा अंदाज तिथे दिला आहे. वरची मर्यादा खालच्या मर्यादेच्या तिपटीहून मोठी, आणि तरी दोन्ही आकडे एककापर्यंत नेमके! शेवटच्या ७ ला आणि २ ला काय अर्थ उरतो, हे सार्थ अंक शिकलेल्या अकरावीच्या मुलांना विचारून पाहावे.

हा अंदाज फळ्यावर करून बघता येतो. २२.४ टक्के स्त्रियांना संसर्ग झाला आहे, म्हणजे ७७.६ टक्के सुटल्या आहेत. सरासरी वय २५ धरू आणि जन्मापासून दर वर्षी धोका सारखाच होता असे मानू. दर वर्षी १ टक्का लोकांना संसर्ग होत गेला तर २५ वर्षांनी सुटलेले किती? ०.९९ चा २५वा घात, म्हणजे ०.७७८. छान जुळते. तेव्हा वार्षिक दर सुमारे १ टक्का, गरोदरपणाच्या नऊ महिन्यांत पाऊण टक्का. हा धोका फक्त आजवर सुटलेल्यांना, म्हणून हजार गरोदरपणांत सुमारे ६ नवे संसर्ग. त्यांपैकी साधारण ३० टक्के वेळा संसर्ग बाळापर्यंत जातो. हजारी दोनाहून थोडे कमी. वर्षाला अडीच कोटी जन्म धरले तर चाळीस-पंचेचाळीस हजार. आता २२.४ च्या जागी पश्चिमेचे ८.८ घालून पाहावे: हजारी ६ च्या जागी अडीच येतात. दक्षिणेचे ३७.३ घातले तर पावणेनऊच्या आसपास. आणि ‘दर वर्षी धोका सारखाच’ हे गृहीतकच चुकीचे असेल, बहुतेक संसर्ग बालपणी मातीत खेळतानाच होऊन जात असतील, तर गरोदरपणातला दर याहून बराच कमी येईल. वयाबरोबर प्रमाण किती चढते हे पाहिल्याशिवाय ते ठरत नाही. मुलांना हे गणित घातले तर आकडा कुठून येतो आणि कोणत्या गृहीतकावर उभा असतो हे तासाभरात कळते.

या साऱ्याचा खरा जाच होतो तो दवाखान्यात. दोनदा गर्भपात झालेल्या स्त्रीला आपल्याकडे सर्रास ‘टॉर्च’ तपासणी सांगितली जाते. टॉक्सोप्लाझ्मा, रुबेला, सायटोमेगॅलो आणि हर्पिस यांच्या आद्याक्षरांचे हे नाव १९७१ साली नाहमियास आणि सहकाऱ्यांनी योजले ते जन्माच्या सुमारास होणाऱ्या संसर्गांसाठी. ते हळूहळू वारंवार होणाऱ्या गर्भपाताच्या तपासणीत शिरले. अहवालावर आयजीजीपुढे ‘पॉझिटिव्ह’ छापून येते आणि घरात कुजबुज सुरू होते: हिच्याच रक्तात दोष आहे. वास्तविक गरोदरपणाच्या आधीपासून असलेली आयजीजी प्रतिपिंडे म्हणजे जुना, आटोक्यात आलेला संसर्ग. एचआयव्हीसारख्या कारणाने प्रतिकारशक्ती खालावलेली नसेल तर अशा स्त्रीचे बाळ या परजीवीपासून सुरक्षित असते. ब्रिटनमधील प्रसूतितज्ज्ञांच्या रॉयल कॉलेजने २०११ सालच्या मार्गदर्शिकेत वारंवार गर्भपात होणाऱ्या स्त्रियांची सरसकट ‘टॉर्च’ तपासणी सोडून द्यावी असे स्पष्ट लिहिले.

आयजीएमवरही डोळे झाकून विसंबता येत नाही. ही प्रतिपिंडे कित्येकदा वर्षभर किंवा अधिक काळही टिकतात, आणि चाचणीची चूक निराळीच. वरच्या हिशेबातल्या हजार गर्भवती घेऊ. खरा नवा संसर्ग सहा जणींना आहे आणि त्या साऱ्या सापडल्या असे उदारपणे मानू. चाचणी शंभरात फक्त दोनदा चुकीचे ‘पॉझिटिव्ह’ देते असे समजू. तरी सुमारे वीस निरोगी बायका जाळ्यात येतील. म्हणजे ‘पॉझिटिव्ह’ ठरलेल्या सव्वीस जणींपैकी खऱ्या सहाच. अमेरिकेच्या अन्न व औषध प्रशासनाने १९९७ सालीच डॉक्टरांना सावध केले होते की आयजीएमच्या एका अहवालावर निर्णय घेऊ नये. आयजीजी प्रतिपिंडांची पकड किती घट्ट आहे हे मोजणारी चाचणी आहे. पहिल्या तीन-चार महिन्यांत पकड घट्ट आढळली तर संसर्ग गर्भधारणेच्या आधीचा हे बऱ्याच खात्रीने कळते. तिचा उल्लेखही न करता औषधे सुरू होतात, आणि क्वचित गर्भपाताचा सल्लाही दिला जातो.

उलट, ज्या स्त्रीचा अहवाल ‘निगेटिव्ह’ येतो तिला सारे निश्चिंत म्हणून घरी पाठवतात आणि कागद कपाटात जातो. या निबंधाच्या पश्चिमेकडील आकड्यानुसार अशा स्त्रिया शंभरात एक्याण्णव आहेत. पहिला संसर्ग गरोदरपणात होण्याची शक्यता त्यांनाच आहे आणि काही सांगायचे तर ते त्यांना. कुकरमध्ये शिजलेल्या मटणाची चिंता नको. परजीवी ६७ अंश सेल्सियसला मरतो. पण ज्या विळीवर वा सुरीने कच्चे मटण कापले ती न धुता तिच्यावर काकडी चिरू नये. वाफ्यात किंवा कुंडीत काम केल्यावर साबणाने हात धुवावेत, पालेभाजी आणि कोथिंबीर भरपूर पाण्यात धुवावी, पाण्याची खात्री नसेल तर ते उकळावे. मांजराला घराबाहेर काढण्याचे कारण नाही. त्याची घाण रोजच्या रोज आणि घरातल्या दुसऱ्या कोणीतरी काढावी, एवढे पुरे.